हिरवा ठिपका

"आक्का, डबा हितं टेबलावर ठेवा. पोराचं नाव सांगा, मी आत पोचवतो."

कंपनीच्या गेटवर माझं स्वागत असं झालं. वॉचमन नेसरीकडचा, फौजेतून निवृत्त झालेला, मिशा अशा की त्यांना वेगळा पगार मिळत असावा. त्याचा काहीच दोष नव्हता. सत्तेचाळीस वर्षांची बाई, काठाची साडी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत खरोखरच डबा. अशा आया त्याच्या गेटवर रोज येत असणार. पण मी हौशी नाटकात उभं आयुष्य काढलंय. प्रवेश कसा घ्यायचा हे मला कोणी शिकवायला नको. मी एक पाऊल मागं घेतलं, पदर सावरला आणि पिशवीतून कॉलेजचं पत्र काढून त्याच्या मिशांसमोर धरलं.

"डबा माझाच हाय. पोरगं न्हाय, मीच आलोय. ट्रेनी."

(आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना आलो, गेलो, करतो असंच बोलतो. बाहेरगावचे लोक दचकतात. दचकू देत.)

त्यानं पत्र वाचलं, मला वाचलं, पुन्हा पत्र वाचलं. मग टाच टाचेवर आपटून असा सलाम ठोकला की मागं उभा असलेला ट्रक ड्रायव्हरसुद्धा सरळ झाला. टाळ्या मी पुष्कळ घेतल्यात. सलाम पहिलाच.

आता ही बाई या वयात ट्रेनी कशी झाली? मुलगी नोकरीला बंगळूरला गेली आणि घर एकदम गप्प झालं. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. तो डोळ्याला भिंग लावून सकाळी जो बसतो तो संध्याकाळपर्यंत हलत नाही. दुकानात नवीन आलेलं गिऱ्हाईक आधी तो जिवंत आहे का हे बघतं. आणि मी? मला जेवतानासुद्धा एका जागी बसता येत नाही. भाकरीचा एक घास, मग मीठ आणायला उठ, दुसरा घास, मग खिडकीतून कोण गेलं ते बघायला उठ. नाटकात दिग्दर्शक विंगेतून हात जोडायचे, "बाई, वाक्य संपेपर्यंत तरी थांबा." रिकाम्या घरात मी भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, काहीतरी शिक तरी. फरशी झिजंल."

म्हणून मॅनेजमेंटच्या पदवीला प्रवेश घेतला. दोन वर्षांचा कोर्स, त्यातलं दुसरं अख्खं वर्ष कंपनीत. वर्षभर काम बघून आवडलं तर कंपनी कायम ठेवून घेते. मला ते हवं होतं. किती हवं होतं हे लिहायला आजही थोडी लाज वाटते. लग्नासाठी मला पसंत केलं होतं, नाटकात मला घेतलं होतं, गणपती मंडळानं हळदीकुंकवाची जबाबदारी माझ्यावर टाकली होती. पण नेमणूक म्हणतात ती आयुष्यात कोणी केली नव्हती. माझ्या नावाचं पत्र, खाली सही, 'आपली नेमणूक करण्यात येत आहे' हे वाक्य. त्या वाक्यासाठी मी पन्नाशीच्या उंबऱ्यावर परीक्षा दिल्या. आणि मूर्खासारखं आधीच सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं. त्यामुळं आता माघार नव्हती.

कंपनी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली. ट्रॅक्टरचे लोखंडी भाग ओतणारी फौंड्री, मुख्य ऑफिस पुण्याला. मी एचआरमध्ये. माझी मॅनेजर अठ्ठावीस वर्षांची पुण्याची मुलगी, केस घट्ट बांधलेले, बोलणं त्याहून घट्ट. मी तिला मॅडम म्हणायचे आणि ती मला काकू. पहिल्याच दिवशी तिनं मला चाकांची खुर्ची दिली, लॅपटॉप दिला आणि हळू आवाजात सांगितलं, "काकू, इथे सगळे हळू बोलतात."

"बरं की," मी म्हणाले, आणि तीन टेबलं पलीकडच्या माणसाचा चहा सांडला.

आवाजाचं एक वेळ जमलं. बसण्याचं जमेना. कंपनीच्या चॅटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढं एक ठिपका असतो. तुम्ही लॅपटॉपवर काम करत असाल तर हिरवा. थोडा वेळ माउस हलला नाही की पिवळा. आणि मॅडमच्या स्क्रीनवर आमचे सगळ्यांचे ठिपके. माझा म्हणजे कायमचा हळदीला बसलेला. कारण मी जागेवर नसायचेच. कधी भट्टीजवळ तापलेलं लोखंड ओतताना बघत उभी, कधी कँटीनमध्ये आमटीला चव का नाही याची चौकशी करत, कधी गेटवर वॉचमनकडून कुस्तीच्या गोष्टी ऐकत.

"काकू, तुमचा ठिपका सारखा पिवळा असतो."

"मी माणसांत असतो, मॅडम. एचआर म्हणजे माणसंच न्हवं?"

"हो, पण ते सिस्टिमला कसं कळणार?"

या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याकडं निघालं. घरी मी ठिपक्याचं रडगाणं गायले. रात्री जेवताना एक जुनं मनगटी घड्याळ त्यानं माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मोठी तबकडी, पट्टा नाही, सेकंदकाटा जाडजूड आणि चालू.

"ह्यावर माउस ठेव. काटा फिरला की माउसला वाटतं आपणच फिरतोय."

जगात कुठल्याही बायकोला नवऱ्यानं दिली नसेल अशी ही भेट. दुसऱ्या दिवसापासून माझा ठिपका शेवाळासारखा हिरवागार आणि मी अख्ख्या कारखान्यात मोकाट. मॅडम खूश. "काकू, आता जमतंय हं तुम्हाला," ती म्हणाली. मी नम्रपणे मान खाली घातली. ती भूमिका मला चांगली जमते.

असे पावसाळा आणि दिवाळी गेली. मग थंडी पडली, फुटबॉलचा मोसम सुरू झाला आणि मॅडमनं मला वर्षाचं मुख्य काम दिलं. फेटलिंग म्हणून आमच्याकडं एक विभाग आहे. ओतून आलेल्या भागांच्या कडा तिथं मशिनवर घासून गुळगुळीत करतात. दुपारी तीनला सुरू होणाऱ्या सेकंड शिफ्टला तिथं काही दिवशी माणसंच येत नाहीत, मशिनं ओस पडतात आणि माल अडकतो. का, ते शोधायचं आणि उपाय सांगायचा. पुण्याला त्याचं प्रेझेंटेशन. त्यावर माझं पुढचं ठरणार.

"मला वाटतं ट्रान्सपोर्टचा इश्यू असेल," मॅडम म्हणाली. "किंवा मोटिव्हेशन."

मी ओठ घट्ट मिटून धरले. कारण फेटलिंगमधली बहुतेक पोरं शहरातल्या पेठांमधली, आणि आमच्या शहरात पेठेपेठेचा फुटबॉल संघ. मॅच दुपारी चारला. अख्खा मोसम स्टेडियम भरलेलं. वडील मला खांद्यावर बसवून मॅचला न्यायचे तेव्हापासून आमच्या पेठेसाठी माझा गळा बसत आलाय. बाकी गाव देवळात शांत होतं, मी गोल झाल्यावर होते. ट्रान्सपोर्ट! पोरं हाफटाइमलासुद्धा चहाला उठत नाहीत.

पण सांगायचं कसं? सरळ सांगावं तर पुण्याहून नोटिसा येणार, पोरांच्या हातात मेमो पडणार आणि माझ्या पेठेत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. न सांगावं तर ती नेमणूक गेली. आठवडाभर मी कारखान्यात अशी फिरले की वॉचमननं विचारलं, "आक्का, काय हरवलंय?"

शेवटी एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले की मॅडमला सगळं खरं सांगून टाकलं. पोरं मॅचला जातात. मेमो देऊन थांबणार नाहीत. तर असं करायचं, ज्यांच्या पेठेचा संघ त्या दिवशी खेळतोय त्यांना सकाळची शिफ्ट द्यायची. ज्यांचा संघ खेळत नाही त्यांनी सेकंड शिफ्ट करायची. कोणाची रजा नाही, कोणाचं नुकसान नाही.

मॅडमचे डोळे चमकले. "काकू, हे ब्रिलियंट आहे!"

ती आखणी करण्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर खुर्चीवर बसले. सलग. घड्याळ ड्रॉवरमध्ये. कोण कुठल्या पेठेचा, कोणाची मॅच कधी, रंगीत चौकटींचा असा तक्ता केला की बघणाऱ्याला तो गोधडीसारखा ऊबदार वाटावा. मग तो फेटलिंगच्या सुपरवायझरना दाखवला. हे गृहस्थ पलीकडच्या पेठेचे, म्हणजे जन्मजात शत्रू. मी कुठल्या पेठेची हे त्यांना माहीत, ते कुठल्या हे मला माहीत, त्यामुळं आमचं बोलणं कायम चटणीसारखं. त्यांनी तक्ता लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि मिशीत काहीतरी गिळलं.

"ब्येस हाय की, वहिनी," ते म्हणाले. "लई ब्येस."

शत्रूनं इतक्या लवकर स्तुती केली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण लीगच्या मॅचेसना तक्ता मस्त चालला. मशिनं फिरली, माल गेला. मॅडमनं पुण्याला मेल पाठवला. त्यात माझं नाव होतं.

आणि मग सेमीफायनल आली. आमची पेठ विरुद्ध सुपरवायझरची पेठ.

दोन्ही पेठांची पोरं तक्त्याप्रमाणं सकाळी येऊन तीनला पसार झाली, सुपरवायझरसकट. जाता जाता ते माझ्या टेबलाशी थांबले. "येताय न्हवं, वहिनी? का हितंच बसून रडणार?" मी येत नव्हते. त्या संध्याकाळी ट्रॅक्टर कंपनीचा ट्रक भरून जायचा होता आणि पहिल्यांदाच माझ्या शब्दावर कोणाचं तरी काम अडलेलं होतं. माझी पेठ सेमीफायनल खेळतेय आणि मी खुर्चीवर. या त्यागावर कोणीतरी संगीत नाटक लिहायला हवं होतं. सवयीनं मी घड्याळ माउसखाली सरकवलं आणि मालाचं कुठवर आलंय ते बघायला फेटलिंगकडं निघाले.

वाटेतच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फेटलिंगमध्ये इतका कर्कश आवाज असतो की लांबूनच दात शिवशिवतात. माझे दात शिवशिवत नव्हते. आत गेले तर मशिनं बंद, दिवे चालू आणि मधोमध मॅडम एकटी उभी.

"काकू, सेकंड शिफ्टला आज कोण आहे?"

"बाकीच्या पेठांची पोरं."

"मग ती कुठेयत?"

मी तोंड उघडलं आणि मला कळलं. एका क्षणात, सगळंच. भीतीनं जसं हसू फुटतं तसं हसू फुटायला लागलं.

"मॅडम, ती मॅचला गेलीत."

"पण त्यांची टीम खेळत नाहीये ना?"

"म्हणूनच तर गेलीत."

आता हे पुण्याच्या मुलीला कसं सांगायचं? आपला संघ जिंकताना बघण्यात आनंद असतो, पण त्यात काळजी असते. दोन शत्रू एकमेकांना फोडत असताना वरच्या पायरीवर शेंगदाणे खात बसण्यासारखं निर्भेळ सुख दुसरं नाही. दोघांतलं कोणीतरी एक हरणारच! लीगच्या मॅचेसना असा योग आला नव्हता, म्हणून तक्ता टिकला. मी स्वतः पलीकडच्या पेठेचा पराभव बघायला तापात गेलेय. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रंगीत चौकटी भरता भरता ते माझ्या डोक्यातून निघून गेलं, एवढंच. खुर्चीवर बसून विचार केला की माझं असं होतं.

पोरांचे फोन बंद. ट्रक गेटवर. ड्रायव्हर चहाचा तिसरा कप मागवत होता. मॅडमनं गाडीची किल्ली उचलली. "चला. कुठे बसतात ते मला दाखवा."

शहरात शिरेपर्यंत तिची नजर रस्त्यावरून हलली नाही. मी मात्र सीटवर दहा वेळा पुढं सरकले, दहा वेळा मागं. एकीकडं वर्षभराची मेहनत पाण्यात जाताना दिसत होती आणि दुसरीकडं, खोटं कशाला बोलू, मला स्कोअर हवा होता.

आम्ही आत शिरलो तेव्हा हाफटाइम होऊन गेला होता, शून्य-शून्य. मी मनाशी शपथ घेतली की मैदानाकडं बघायचं नाही. अख्ख्या स्टेडियममध्ये मैदानाकडं पाठ करून उभी असलेली मी एकटीच असणार. पायऱ्यापायऱ्यांवर चेहरे शोधत चालले होते आणि माझ्या पाठीमागं माझ्या पेठेचं नशीब ठरत होतं. आवाजावरून बॉल कुठल्या बाजूला गेला ते कळत होतं.

"काकू," मागून मॅडम म्हणाली, "आपले कुठले?"

आपले! मी वळून तिच्याकडं बघितलं. तिची नजर मैदानावर होती.

"डावीकडून खेळतायत ते," मी म्हणाले.

वरच्या पायरीवर पोरं सापडली. कंपनीचे टी-शर्ट घालून एका ओळीत, कागदाच्या पुड्यांत शेंगदाणे. मी नाटकातला खणखणीत आवाज काढला.

"ए! उठा सगळी! ट्रक उभा हाय दारात!"

"काकी, खाली बसा! दिसंना!" मागच्या दहा ओळी एकदम ओरडल्या.

मी बसले. मॅडम बसली. पोरांनी आम्हाला जागा करून दिली, शेंगदाणे दिले आणि अपराध्यासारखी आमच्याकडं न बघता मैदानाकडं बघत राहिली.

"मॅडम, येवढी संपू दे," त्यातला एकजण शेवटी म्हणाला. "सकाळी उजाडायच्या आत येतो आमी. सगळी."

"नक्की कशावरून?"

"पेठेची आण."

पेठेच्या आणेला पुण्यात काय किंमत आहे मला माहीत नाही. मॅडमनं ड्रायव्हरला फोन केला, पुण्याला फोन केला, उशीर होईल म्हणून सांगितलं, पलीकडून कोणीतरी बराच वेळ ओरडत होतं, आणि तिनं "हो सर, माझी जबाबदारी" म्हणून फोन ठेवला. माझा तक्ता, माझी चूक, आणि ती माझं नाव न घेता सगळं स्वतःकडं घेऊन मोकळी झाली. मग ती फोनमध्ये काहीतरी बघत राहिली.

"काकू."

"काय, मॅडम?"

तिनं फोन माझ्यापुढं धरला. कंपनीचं चॅट. माझं नाव. पुढं हिरवा ठिपका.

"तुम्ही आत्ता ऑफिसमध्ये काम करताय," ती म्हणाली.

नाटकात वाक्य विसरलं तर काय करायचं याच्या माझ्याकडं शंभर युक्त्या आहेत. त्या वेळी एकही आठवली नाही. मी घड्याळाची सगळी हकिकत सांगितली, नवरा, भिंग, सेकंदकाटा, सगळं. ती ऐकत होती. तिचा चेहरा इतका घट्ट होता की मी मनातल्या मनात टेबल आवरायला घेतलं. गल्लीत काय सांगायचं याची वाक्यं जुळवायला लागले. आणि तेवढ्यात आमच्या स्ट्रायकरनं गोलपोस्टच्या दांडीवर असा बॉल हाणला की सगळं स्टेडियम उठलं. मॅडम सगळ्यांच्या आधी उठली होती. केस सुटले होते. "अरे, आत! आत!" तिचा आवाज पार पलीकडं गेला. हळू बोलणाऱ्यांचा आवाज साठून राहिलेला असतो बहुतेक.

पेनल्टीवर आम्ही हरलो. वरच्या पायरीवरच्या पोरांनी शेंगदाण्याच्या पुड्या उधळल्या, आम्ही दोघी शेजारी बसलेल्या असताना. मग आमचे चेहरे बघून एकानं चुकचुकल्यासारखं केलं.

बाहेर सुपरवायझर भेटले, गुलालानं माखलेले.

"वहिनी, तक्ता ब्येसच व्हता की!"

"तुमास्नी म्हाईत व्हतं असं व्हणार?"

"म्हाईत न्हवतं व्हय! मला वाटलं, पेठेतली बाई हाय, पोरांस्नी मुद्दामच मोकळं सोडतीय. म्हटलं, शत्रू असला तरी मन मोठं हाय." आणि माझ्या कपाळाला गुलाल लावून, शत्रूच्या विजयाचा गुलाल, ते मिरवणुकीत शिरले.

मी सकाळी अंधार असतानाच गेटवर जाऊन उभी राहिले. वॉचमन चहा प्यायला बोलवत होता, मी गेटपासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून गेटपर्यंत. पोरं आली. वरच्या पायरीवरची आली आणि न बोलावता आमच्या पेठेची हरलेलीसुद्धा आली, त्यांच्यामागून सुपरवायझर, गुलाल अजून कानात. मशिनं सुरू झाली आणि माझे दात शिवशिवायला लागले. इतकं बरं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. दुपारच्या आधी ट्रक गेला.

मॅडम मात्र घड्याळाबद्दल एक शब्द बोलली नाही. ना रागानं, ना हसून. प्रेझेंटेशनपर्यंत मी रोज वाट बघितली. घड्याळ पिशवीच्या तळाशी गेलं होतं आणि ठिपका पुन्हा पिवळा. तिनं तेही विचारलं नाही.

पुण्याचे साहेब लोक स्क्रीनवर चौकटीचौकटीत बसले होते. मी लॅपटॉपवरच्या स्लाइड्स बाजूला ठेवल्या, उभी राहिले आणि सेमीफायनल सादर केली. पोरांचे आवाज, सुपरवायझरचे आवाज, ट्रक ड्रायव्हरचा चहा. चौकटी हसायला लागल्या. एक चौकट हसत नव्हती, आणि तीच सगळ्यात मोठ्या साहेबांची होती.

"करमणूक झाली," ते म्हणाले. "उपाय काय?"

"मॅच कुणाचीबी असू दे, सर, त्या दिवशी सेकंड शिफ्ट मॅच संपल्यावर सुरू करायची. तेवढी पुढं वाढवायची. कोण कुठल्या पेठेचा ते बघत बसायचं नाही."

"आणि मॅच संपल्यावर ते येतील याची खात्री?"

"मी गेटवर उभी राहणार की."

स्क्रीन काळी झाली. त्यानंतर पंधरवडाभर मी जे जगले त्याला जगणं म्हणता येणार नाही. गल्लीतल्या बायका दारातून विचारायच्या, "काय झालं का गं?" आणि मी भाजीची पिशवी हलवत "व्हतंय की" म्हणून पुढं जायचे. रात्री नवरा म्हणायचा, "झोप." मी म्हणायचे, "झोपलोय की," स्वयंपाकघरातून.

मग मॅडमनं बोलावलं. "दोन गोष्टी आहेत, काकू. तुमची नेमणूक झालीय."

दुसरी गोष्ट मला ऐकूच आली नाही. तिनं परत सांगितली. चाकांची खुर्ची पुढच्या वर्षीच्या ट्रेनीसाठी ठेवायची आहे. माझी जागा टाइम ऑफिसात. टाइम ऑफिस म्हणजे गेटला लागून असलेली खोली, जिथं येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी लागते. एक खिडकी, एक लाकडी खुर्ची, शेजारी वॉचमनची केबिन. शिक्षा होती का बक्षीस, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मी पत्र घेऊन तशीच दुकानात गेले. नवऱ्यानं गिऱ्हाइकासमोर डोळ्याचं भिंग काढलं आणि दोन्ही डोळ्यांनी ते वाचलं. दुकानाच्या वेळेत तो हे कधी करत नाही.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. परवा यंदाची फायनल झाली. आमची पेठ विरुद्ध सुपरवायझरची पेठ, पुन्हा. शिफ्ट मॅच संपल्यावर. पोरं खुशाल स्टेडियमवर, आणि ती परत येतात का हे बघायला खिडकीत कोण? मी. नेमणूक माझीच आणि शब्दही माझाच.

दुपारी मॅडम खिडकीशी आली. इकडं तिकडं बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकी, ते घड्याळ आहे का अजून?"

काकू नव्हे, पेठेतल्या पोरांसारखं काकी. मी पिशवीच्या तळातून घड्याळ काढून तिच्या हातावर ठेवलं. कशासाठी, हे विचारण्याचा अडाणीपणा केला नाही.

चार वाजले. फोनवर बघते तर मॅडमचा ठिपका हिरवागार, पुण्याच्या साहेबांना दिसत असणार, किती काम करते पोरगी. आणि तिचे आवाजी निरोप एकामागून एक. पहिल्यात शिट्ट्या. दुसऱ्यात ती स्वतः, "काकी, आपल्याला फाउल दिला नाही! आंधळा आहे का तो?" तिसऱ्यात नुसता समुद्रासारखा गोंगाट आणि त्यात बुडालेलं एकच वाक्य, जे मी फोन कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकलं तरी समजलं नाही. मग निरोप बंद. फोन लावला तर उचलेना.

"आक्का, बसा की जरा," वॉचमन म्हणाला. "किती फिरशीला?"

खोलीत फिरायला जागाच नव्हती. दार ते खिडकी, खिडकी ते दार. हायवेवरून वळणारी प्रत्येक मोटारसायकल मी डोळ्यांनी आत ओढत होते. जिंकलेली पेठ हॉर्न दाबूनच येते, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

शेवटी एक गाडी वळली. सुपरवायझर. एकटे. कपाळ कोरडं, हॉर्न गप्प. त्यांनी गाडी लावली, खिडकीशी आले आणि माझ्याकडं न बघता हजेरीच्या मशिनवर बोट ठेवलं.

"वहिनी, एक शब्द बोलू नका."

मी बोलले नाही. त्या लाकडी खुर्चीवर चढून उभी राहिले आणि दोन्ही हात छताला लावले.

"आक्का, पडशीला!" वॉचमन धावला.

रस्त्यावरून हॉर्न ऐकू यायला लागले होते, आणि सगळ्यात पुढच्या मोटारसायकलवर मागं बसलेली, केस मोकळे, गुलालात न्हालेली, पुण्याची मॅनेजर.